थोरलीचं न्हाणीघर

तिला सगळे थोरली म्हणायचे. लग्न होऊन ज्या घरात आली तिथे सासू, सासरे, दीर, नणंद आणि वर कुणी ना कुणी पाहुणा मुक्कामाला. थोरली सून म्हणून थोरली. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, नणंद सासरी गेली, स्वतःची मुलं शिकून परगावी स्थायिक झाली. घरात उरली नवरा-बायको दोघंच, तरी ही आपली थोरलीच. आता कुणापेक्षा थोरली असं विचारायचं नाही, नाव एकदा चिकटलं की चिकटलं. तिचं खरं नाव गल्लीत विचारलं असतंत तर निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं.

नवऱ्याचंही तेच. त्याला म्हणायचे रेडिओ. कोपऱ्यावर त्याचं केस कापायचं दुकान होतं. कात्री हातात घेतली की तोंड सुरू, आणि कात्री खाली ठेवली तरी तोंड सुरूच. गिऱ्हाईक खुर्चीत, हा खुर्चीच्या मागे, आणि सगळं बोलणं समोरच्या आरशातून. कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं, कुणाच्या म्हशीने कुणाच्या दाराशी ठिय्या दिला, सरकारने काय करायला हवं होतं आणि काय करून ठेवलं, सगळं त्याला ठाऊक. माणूस मनाने लाख मोलाचा, पण गप्प बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. आणि गंमत अशी की याच माणसाला समोरासमोर बसवलंत तर त्याला दोन वाक्यं धड सुचायची नाहीत. आरसा हवा, नाहीतर गाडी अडली.

आता थोरलीच्या आंघोळीची गोष्ट सांगायची तर आधी जुन्या न्हाणीघराबद्दल सांगायला हवं. तुम्ही म्हणाल, आंघोळ ती काय, चार तांबे डोक्यावर ओतले की झाली! तसं वाटत असेल तर तुम्ही भरल्या घरात थोरली सून म्हणून नांदला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्या घरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं. कपाट सामायिक, कंगवा सामायिक, नवरासुद्धा निम्मा दुकानाचा. एकच जागा अशी होती की जिथे ती आत जाऊन कडी लावायची आणि त्या कडीबद्दल कुणी नाक मुरडायचं नाही.

त्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल होती. सासरे म्हणायचे, रंग देऊ. ती मनात म्हणायची, नका देऊ. वाफ दाटली की त्या ओलीत तिला एक गाव दिसायचं. हिरवट-करड्या डागांचं, पाण्याकाठी वसलेलं, वर वर चढत गेलेल्या पायऱ्यांचं. पायऱ्या संपल्या की एक खिडकी होती. ती तांब्या हातात धरून बसायची आणि त्या पायऱ्या चढून जायची. वाटेत कुणी भेटलंच तर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायचं. मग खिडकीत बसून ती काय करायची? काही नाही. काहीच करायचं नसायचं म्हणून तर ती तिथे जायची. मग दारावर थाप पडायची, “अगं थोरले, झाली का नाही? आत झोप काढतेस की काय?” आणि गावाची पुन्हा ओल व्हायची.

हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? पण दिवसभर ती हसतमुख असायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कामाला वाघ, आणि धाकटी जाऊ विचारायची, “वहिनी, तुम्हाला कसं जमतं हो हे सगळं?” तर ती नुसती हसायची. जमायचं ते त्या बंद दारामुळे.

मग एका सकाळी चहाचा कप तिच्या डाव्या हातातून सुटला. तिने वाकून पाहिलं तर हात तिचा राहिलाच नव्हता. पायानेही साथ सोडली. दवाखाना झाला, औषधं झाली. जीव वाचला, वाचा वाचली, उजवी बाजू ठणठणीत राहिली. डावा हात मात्र लुळा पडला आणि डावा पाय फरफटायला लागला. काठी घेऊन ती घरातल्या घरात हिंडायला लागली तेव्हा रेडिओने दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला.

आणि तिच्या आंघोळीचं काम रेडिओने आपल्या अंगावर घेतलं.

इथे त्याला नावं ठेवायची सोय नाही. जीव लावून करायचा तो. पाणी कोपराने तपासायचा, केस असे धुवायचा की डोळ्यांत फेसाचा थेंब जायचा नाही. हात सफाईचाच होता, उगीच का लोक लांबून त्याच्याकडे यायचे! पण दार सताड उघडं, कारण त्याला आत-बाहेर करावं लागायचं. आणि तोंड? ते कसं बंद राहणार? पहिल्या तांब्यापासून शेवटच्या तांब्यापर्यंत गल्लीची बातमीपत्रं. थोरली स्टुलावर बसून राहायची, हात वर म्हटलं की हात वर, मान खाली म्हटलं की मान खाली. तिला त्याची दया यायची आणि रागही यायचा, आणि राग आल्याबद्दल स्वतःची लाज वाटायची. इतकं करणाऱ्या नवऱ्यावर रागवायचं म्हणजे काय! धाकटी तर फोनवर म्हणायचीच, “नशीब काढलंत वहिनी.”

ती हो म्हणायची. रात्री मात्र तिला त्या पायऱ्या स्वप्नात यायच्या आणि ती खालीच उभी असायची. चढता यायचं नाही.

व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी एकदा न्हाणीघरात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दारात उंच उंबरा, गुळगुळीत फरशी, धरायला म्हणून टॉवेलचा दांडा, तोही डुलणारा. “अहो, हा दांडा टॉवेलसाठी असतो. माणूस धरायला लागला तर माणूस आणि दांडा दोघंही खाली येतील,” त्या म्हणाल्या. मग काय काय करता येईल ते त्यांनी सांगितलं. उंबरा काढा, खरखरीत फरशी घाला, भिंतीत पक्के दांडे बसवा, हातांची खुर्ची आणा, लांब नळीचा शॉवर लावा, दार बाहेर उघडणारं करा. आणि जाता जाता म्हणाल्या, “एवढं केलंत तर काकू आपली आपण आंघोळ करतील.”

आपली आपण! थोरलीच्या कानात ते शब्द दिवसभर घुमत राहिले. मुलांना फोन लावताना, जेवताना, झोपताना. दार बंद आहे, आत ती एकटी आहे, पाणी तिच्या हातात आहे. जगाकडे तिला दुसरं काही मागायचं नव्हतं.

रेडिओच्या कानात मात्र बाकीचं सगळं शिरलं आणि नेमके तेवढेच दोन शब्द बाहेर राहिले. बोलणाऱ्याच्या कानांचं असंच असतं. “बांधून टाकतो!” तो म्हणाला. “असं न्हाणीघर बांधतो की बघत राहशील. तू जरा धाकटीकडे राहायला जा. धूळ होईल, तुला सोसायची नाही. आलीस की एकदम बघ.”

थोरलीने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण रेडिओपुढे आजवर कुणाला बोलायला मिळालंय? ती धाकटीकडे गेली. तिथे गॅलरीत बसून मनातल्या मनात न्हाणीघर बांधत राहिली. इथे नळ, इथे साबण, इथे दार. दारापाशी आली की ती थोडी थांबायची आणि मग ते हळूच लावून घ्यायची.

परत आली तेव्हा दारात ही गर्दी! शेजारीण, दुकानातली जुनी गिऱ्हाइकं, प्लंबर, आणि मधे रेडिओ, नव्या शर्टात. त्याने तिचा हात धरून तिला आत नेलं.

काम झकास होतं, त्यात शंका नाही. उंबरा गेलेला. फरशी खरखरीत, पाय रोवून उभं राहता येईल अशी. भिंतीत असे दांडे की बैल बांधावा. मधोमध हातांची पांढरी खुर्ची, आणि तिच्या पाठीला त्याने दुकानातल्या जुन्या खुर्चीची मान टेकायची गादी बसवली होती. खाली पाय ठेवायला पायरीसुद्धा. समोरच्या भिंतीवर लखलखीत आरसा. नळ, शॉवर, साबणाची फळी, टॉवेल, सगळं खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या हाताशी येईल अशा उंचीवर.

तुमच्या लक्षात आलं ना? थोरलीच्याही आलं. त्याने बांधलं होतं ते न्हाणीघर नव्हतं, ते त्याचं दुकान होतं. उभी हयात खुर्चीच्या मागे उभं राहून काढलेला माणूस, त्याला जग खुर्चीच्या मागूनच दिसणार. खुर्चीत बसणाऱ्याला काही घ्यायचं असतं, हे त्याच्या धंद्यात कुठे बसतं? गिऱ्हाइकाने नुसतं बसायचं. प्लंबर नंतर म्हणाला, “मी विचारलं होतं हो, नळ मागे कशाला? तर म्हणाले, तुला नाही कळायचं, मी इथे उभा राहणार!”

“कसं वाटलं?” रेडिओने विचारलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आरशातून तोही बघत होता, लहान मुलासारखा. चारचौघांत काय बोलणार? “छान आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाची आंघोळ. ती खुर्चीत बसली, गादीला मान टेकली. मागून कोमट पाणी आलं आणि पाण्यामागून बातम्या. “अगं, तुला सांगायचं राहिलं, तो दूधवाला आहे ना...” दार सताड उघडं. समोर आरसा. आरशात तिने स्वतःला पाहिलं. भिजलेली, एका बाजूला कललेली, आणि तिच्या डोक्यावर त्याचं ते आनंदाने फुललेलं तोंड. आजवर निदान डोळे फिरवायला ओलीची भिंत तरी होती. आता पळून जायला डागसुद्धा उरला नव्हता. ती रडायला लागली.

“पाणी गरम लागलं का? थांब, थांब...”

“पाणी नाही हो गरम.”

“मग फेस गेला डोळ्यांत? माझ्या हातून? शक्यच नाही.”

“मला एकटीला आंघोळ करायचीय,” थोरली म्हणाली. “दार लावून.”

शॉवर त्याच्या हातात तसाच वाहत राहिला. “एकटीला? आणि पडलीस म्हणजे?”

“तुम्ही हे कुणासाठी बांधलंत?”

“कुणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी! रात्रंदिवस मरमर मेलो, आणि वर तू मलाच विचारतेस?”

“मला इथून साबण घेता येत नाही. नळ सोडता येत नाही. मी तुमचं गिऱ्हाईक नाही हो. मी घरातली आहे.” एवढं बोलून तिला स्वतःचाच धक्का बसला. इतक्या वर्षांच्या संसारात ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती.

रेडिओने तिला पुसलं, कपडे चढवायला मदत केली, बाहेरच्या खोलीत आणून बसवलं आणि तो दुकानात निघून गेला. त्या दिवशी रेडिओ बंद पडला. दुकानात गिऱ्हाइकं चुपचाप केस कापून घेऊन गेली आणि बाहेर जाऊन एकमेकांना विचारायला लागली, कुणी गेलं का याचं? घरातही तेच. चहा पुढे यायचा, औषध पुढे यायचं, शब्द नाही. थोरलीला आधी बरं वाटलं, मग अवघडल्यासारखं झालं. आपण फार बोललो का? इतकी माणसं काय काय सोसतात, आणि आपलं मेलं एका दाराचं एवढं! पण दार काही मनातून जाईना.

शेवटी तीच काठी टेकत न्हाणीघराच्या दाराशी गेली. तो आत फरशी पुसत होता. तशी ती पुसायची गरज नव्हती, पण रागावलेल्या माणसाला काहीतरी पुसावं लागतं.

“बसा त्या खुर्चीत,” ती म्हणाली.

“कशाला?”

“बसा म्हणते ना. हां. आता डावा हात सोडा खाली. हलवायचा नाही, तो मेलाय. डावा पाय पण. आता करा आंघोळ.”

तो बसला, गाल फुगवून. उजवा हात मागे नेला. बोटं हवेत चाचपडली, फळीच्या कडेला लागली, आणि साबण सुटून फरशीवर पडला. पडला तो घरंगळत थेट दारापाशी, थोरलीच्या काठीजवळ.

“उचला,” ती म्हणाली.

“उठल्याशिवाय कसा उचलू?”

“उठायचं नाही.”

“अगं, मग नळ तरी...” तो कमरेतून वळला, मान पिरगाळली, खांदा पिरगाळला. नळाला बोट लागलं, पण फिरवायला जोर मिळेना. ओढाताणीत डावा हात वर आला.

“हात! हात मेलाय!”

“हो हो, मेलाय,” तो ओरडला, आणि हात परत खाली पडला. थोरलीला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी. ती दाराला टेकून हसत राहिली आणि तो खुर्चीत तसाच, घामाघूम, एका अंगावर कललेला, आरशात स्वतःकडे बघत बसला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, तसं त्याचं झालं. हळूहळू तोही हसायला लागला, पण मधेच त्याचं हसू थांबलं.

“मी माझ्यासाठीच बांधलं की गं हे,” तो म्हणाला.

“चांगलं बांधलंय,” ती म्हणाली. “फक्त उलटं बांधलंय.”

प्लंबरला पुन्हा बोलावलं. तो आला तोच “मी म्हणालो होतो” म्हणत, पण रेडिओने त्याला हात जोडले आणि विषय संपला. या वेळी थोरली खुर्चीत बसली आणि उजव्या हाताने दाखवत गेली. नळ इथे, गुडघ्याच्या वर. शॉवरचा आकडा इथे. दांडा इथे, उठताना हात आपोआप पडतो तिथे. साबणाचं काय, तो निसटणारच. तर तिनेच युक्ती काढली, एक जुना पायमोजा घेतला, साबण त्यात घातला, रेडिओकडून वर गाठ मारून घेतली आणि तो दांड्याला लोंबता ठेवला. पाठ चोळायला लांब पट्टा शिवून घेतला, त्याचं एक टोक दांड्यात अडकवायचं आणि दुसरं हातात. प्लंबर बघत राहिला. म्हणाला, “काकू, माझ्या आईलाही असंच करून देतो.” व्यायामाच्या बाईंनी येऊन तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं, आणि मान डोलावली.

आरसा काढताना मात्र रेडिओचा हात अडला. “राहू दे ना. जागा मोठी दिसते.” थोरलीने मानेनेच नाही म्हटलं. तो जरा वेळ आरशासमोर उभा राहिला, मग त्याने स्क्रू सोडवले आणि आरसा उचलून बाहेरच्या खोलीत नेला.

कडीवरून थोडी वादावादी झाली. कडी नको असं बाईंचंही म्हणणं होतं, आणि ते थोरलीला पटलं. दार नुसतं खुर्चीतून दोरीने ओढून घ्यायचं. “मग मी बाहेर स्टूल टाकून बसतो,” रेडिओ म्हणाला. “घंटा लावू का आत?”

“मला तोंड आहे. हाक मारीन. पण एक सांगते, तुम्ही बोलायचं नाही. अजिबात. दर मिनिटाला झालं का, ठीक आहेस ना, ते तर नाहीच.”

“बोलणार नाही.”

“रेडिओ बोलणार नाही!”

“आजपासून बंद,” त्याने कानाची पाळी पकडून सांगितलं.

आणि मग ती सकाळ आली. थोरली काठी टेकत आत गेली, काठी कोपऱ्यात लावली, दांडा धरून वळली, खुर्चीत बसली. दार ओढून घेतलं. ते मऊ आवाज करून लागलं. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काही नाही.

तिने लगेच नळ सोडला नाही. नुसती बसून राहिली. छाती धडधडत होती, जशी नवी नवरी असताना पहिल्या दिवशी त्या जुन्या न्हाणीघरात धडधडली होती. मग तिने हात पुढे केला आणि नळ फिरवला. पाणी आलं. तिला हवं तेव्हा आलं. तिने ते आधी पायांवर घेतलं, मग गुडघ्यांवर, मग त्या मुक्या डाव्या हातावर. त्याला काही कळत नव्हतं, पण तिने त्याला सावकाश भिजवलं, कुणी घाई करणारं नव्हतं. वाफ वर चढली, नव्या फरश्यांवर दाटली, खिडकीच्या काचेतून आलेला उजेड त्यात विरघळून दुधाळ झाला. तिला वाटलं आता ते गाव दिसेल. नाही दिसलं. भिंत कोरी होती. पण तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. ती कुठे गेलीच नाही, तिथेच होती, अंगावर पाणी घेत. पाण्याचा आवाज कानांत भरला, डोळे अर्धे मिटले, आणि किती वेळ गेला हे तिला कळलं नाही. आपण आहोत की वाफच आहे, असं झालं. साबण मोज्यातून फेसाळत होता. पट्टा पाठीवरून फिरत होता. ती स्वतःला आंघोळ घालत होती.

झालं सगळं. अंग स्वच्छ झालं. तिने नळ बंद करायला हात नेला, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

रेडिओ बोलत होता. पण नेहमीच्या पट्टीत नाही. अगदी खाली, पुटपुटल्यासारखा. पाण्याच्या आवाजात आतपर्यंत जाणार नाही अशा समजुतीने. शेवटी जित्याची खोड! थोरलीच्या कपाळावर आठी चढली. पण तो दूधवाल्याबद्दल बोलत नव्हता.

“...गप्प बसलं की भीती वाटते गं,” तो म्हणत होता. “म्हणून बडबडतो. तू पडलीस त्या दिवसापासून तर जास्तच. तुला आंघोळ घालायचो ना, तेव्हा तेवढा वेळ भीती नसायची. सगळ्या गावाच्या डोक्यांवरून हात फिरवला, तुझ्या डोक्याला हात लावायला तुला आजारी पडावं लागलं. काय माणूस आहे मी! बरं वाटायचं मला. वाटायचं, हे असंच चालू दे. तू बरी होऊ नयेस असं नाही गं, शप्पथ नाही. पण आता तू आत गेलीस, दार लागलं, आणि मला वाटलं, झालं, आता हिचं माझ्यावाचून काही अडायचं नाही.”

थोरलीचा हात नळावर होता. नळ बंद केला की पाण्याचा आवाज थांबणार, आवाज थांबला की त्याला कळणार की ती ऐकतेय, आणि मग हा माणूस जन्मात पुन्हा असं बोलायचा नाही. उद्यापासून परत दूधवाला. इतकी वर्षं तिने त्याचं बोलणं ऐकलं होतं, पण त्याचं म्हणावं असं बोलणं हे पहिलंच होतं.

तिने हात मागे घेतला. पाणी चालू राहिलं.

तो बोलत राहिला. मुलं दूर गेली त्याबद्दल बोलला. दुकानात आता हात थरथरतो, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून जास्त बोलतो, ते बोलला. आपण आधी गेलो तर हिचं कसं होईल आणि ही आधी गेली तर आपलं कसं होईल, ते बोलला आणि मधेच नाक ओढलं. गिझरमधलं गरम पाणी संपत आलं. शॉवरचं पाणी कोमट झालं, मग गार, मग चांगलंच गार. थोरलीच्या अंगावर काटा आला, दात वाजायला लागले. तिने दात घट्ट आवळले आणि शॉवर पायांवर धरून ती बसून राहिली, त्याचं बोलणं संपेपर्यंत.

मग बाहेर शांत झालं. तिने थोडा वेळ जाऊ दिला. नळ बंद केला, अंग पुसलं, एका हाताने गाऊन चढवला, त्याला वेळ लागला. दांडा धरून उठली, काठी घेतली, दार ढकललं.

तो स्टुलावर बसला होता, डोळे लाल. ती दिसताच ताडकन उठला. आरसा नव्हता, दोघं समोरासमोर होती, आणि त्याला काही सुचेना. “झाली?” तो म्हणाला.

“झाली.”

“आपली आपण?”

“आपली आपण.”

“थंडी वाजतेय का तुला? ओठ बघ कसे निळे पडलेत.”

“थोडी.”

त्याने तिच्या खांद्यांवर शाल टाकली, आणि खाली बघत विचारलं, “आतून काही... म्हणजे बाहेरचं काही ऐकू येतं का गं आत?”

“त्या शॉवरच्या आवाजात काय डोंबल ऐकू येणार?” थोरली म्हणाली.

“हां,” तो म्हणाला, आणि त्याचा श्वास सुटला.

ती काठी टेकत दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. वळून म्हणाली, “स्टूल उचलू नका. उद्याही इथेच बसा.”